लीलाबाईंची नितळ टाकी

लीलाबाईंना कशाची किळस येत नाही, तेवढंच विचारावं. उत्तर लवकर संपतं. एसटीच्या दांड्याची येते, हॉटेलातल्या पेल्याची येते, आणि लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा आमटीत बुडालेला दिसला की त्या पानावरून उठतात. गळ्यात माळ घातल्याला चोवीस वर्षं झाली. पण खोटं कशाला बोला, माळेच्या आधीही त्यांचं असंच होतं. माळेमुळं फक्त त्यांच्या किळशीला देवाचा शिक्का मिळाला.

गाव कृष्णाकाठचं, मलकापूरपासून अर्ध्या तासावर. ऊस चांगला, घर चांगलं, एकुलता एक मुलगा शिवतेज फौजेत. नवरा लालासाहेब निवांत माणूस. बायको 'शी' म्हणाली की तो उठून दुसरीकडं बसायचा, बस्स, एवढाच त्याचा संसार. सून रेश्मा लग्नानंतर चार वर्षांनी पोटुशी होती. आधी एकदा दिवस राहून तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं होतं, त्यामुळं या खेपेला लीलाबाईंनी तिला तळहातावर झेललं होतं. सातवा लागला तरी जिन्याची एक पायरी चढू दिली नाही. हे पोर सुखरूप हातात पडू दे, एवढं एकच मागणं त्या देवापुढं दिवसातनं दहादा मागायच्या.

आणि बाहेरचं पाणी तर सुनेच्या ओठाला लागू द्यायच्या नाहीत. घरात टाकी असताना बाहेरचं कशाला? स्वयंपाकघराच्या मागं पांढऱ्या फरशीची ती टाकी म्हणजे लीलाबाईंचा जीव की प्राण. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तिच्यावर झाकण नाही, कारण कोंडलेल्या पाण्याला वास मारतो, पाण्याला वारं लागलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. ती कधी रिकामीही होऊ द्यायच्या नाहीत. पाणी सुटलं की रोज वरून भर घालायची. पाणी इतकं नितळ की तळाला गेलेल्या तुळशीच्या पानाच्या शिरा मोजाव्यात.

सकाळी आंघोळ झाली की घागरीच्या तोंडावर धुतल्या धोतराची चौघडी बांधायची आणि ओगराळ्यानं पाणी गाळायचं. गाळून झालं की कापडावर बारीक जीव राहायचे. काळपट, केसाएवढे, पाण्याच्या पाठीवर आडवे पडून राहणारे आणि सावली पडली की मागं मागं सरकणारे. बाकीच्या बायका असलं काही मोरीत झटकून मोकळ्या होतात. लीलाबाई नाही. त्या कापड अलगद सोडवायच्या, टाकीवर उलटं धरायच्या आणि हलक्या हातानं सगळे जीव पुन्हा पाण्यात सोडायच्या.

"माळकऱ्यानं जीव मारायचा नसतो," त्या म्हणायच्या. "पाण्यातली लेकरं ती. पाण्यात जल्मत्यात, पाण्यातच मरत्यात. कुणाचं काय घेत्यात?"

"आणि संध्याकाळी रॅकेट घिऊन चटाचटा मारतीस, ते गं?" लालासाहेब विचारायचे.

"डास व्हय? त्यो राक्षस हाय. रगात पितो माणसाचं. त्याला मारल्याचं पाप न्हाई लागत."

आणि खरोखर, दिवेलागणीला विजेची रॅकेट घेऊन लीलाबाई अंगणात उतरल्या की बघत राहावं. चट् झालं की तोंडावर असं समाधान, जशी काय एक लढाई मारली. एवढ्या स्वच्छ घरात एवढे डास येतात कुठनं, हा प्रश्न त्यांना पडायचाच. उत्तर तयार असायचं. शेजारच्या गटारीतनं. दुसऱ्याच्या घाणीतनं.

दिवाळीला शिवतेज आला. आसामकडच्या जंगलातनं, महिनाभराची रजा काढून, रेश्माच्या डोहाळजेवणाला. त्याच आठवड्यात ऊस तुटलेल्या रानात लालासाहेबांनी मेंढरं बसवली. माणदेशातनं मल्हार धनगर दरवर्षी कळप घेऊन येतो. चार-पाच रात्री मेंढरं रानात बसतात, लेंडीखत पडतं, मालकानं धनगराला धान्य घालायचं, असा जुना व्यवहार. लीलाबाईंना तो व्यवहार पटतो, मेंढरं पटत नाहीत. त्या वासानं त्यांना मळमळतं.

मल्हारची बायको रंगुबाई धान्य न्यायला परसदारी आली, तेव्हा लीलाबाईंचं गाळणं चाललं होतं. त्यांनी पायलीभर ज्वारी हातभर उंचावरनं तिच्या ओट्यात सोडली, आणि दारात आलेल्या बाईला कोरडं कसं पाठवायचं म्हणून तांब्याही उंचावरनं पुढं केला. रंगुबाई तांब्याकडं बघेना. ती कापडाकडं बघत होती. कापडावरनं टाकीत पडणारं सगळं तिनं नीट बघितलं आणि हात मागं घेतला.

"नगं मालकीण. आमी आमचं वढ्याचं पिऊ."

लीलाबाईंचं पित्त खवळलं. मेंढराच्या कुशीत झोपणारी बाई, नखात लेंड्या, आणि ती माझ्या टाकीच्या पाण्याला नाक मुरडते! दिवसभर त्यांनी हे लालासाहेबांना ऐकवलं. लालासाहेबांनी तीन वेळा जागा बदलली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी शिवतेज भरदुपारी थंडीनं कुडकुडायला लागला. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंगाची लाही, मग घाम, आणि संध्याकाळी पोरगा पुन्हा ठीक. एक दिवस बरा गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा तेच. लीलाबाईंना शंका म्हणून उरली नाही. मेंढरांचं वारं लागलं! त्यांनी गवती चहाचा काढा केला, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, आणि नवऱ्याला पुढं घालून मल्हारचा तळ आपल्या रानातनं उठवला. धनगरांनी काही भांडण केलं नाही. ओढ्यापलीकडच्या माळावर मेंढरांभोवती जाळीची वाघर लावली आणि तिथं बसले.

पाच दिवस असे काढ्यावर गेले. सहाव्या दिवशी शेजारची अंजना स्वतःहून आत आली. ही त्यांच्या भावकीतली सून, गावची आशा सेविका. हातात तिची ती निळी पिशवी. शिवतेजच्या बोटाला टोचून तिनं पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला आणि पंधरा मिनिटांनी म्हणाली, "मलेरिया हाय, भावजी. तिकडं कवा झाला व्हता का?"

"जूनमधी झालता," शिवतेज म्हणाला. "चौदा दिवसांच्या गोळ्या दिलत्या. चार खाल्ल्या, बरं वाटलं, मग सोडल्या."

"मग रोगाचं बी राहिलं की आत! त्येच उगावलंय आता." अंजनानं कपाळाला हात लावला. मग वळून म्हणाली, "काकी, ह्यास्नी चावलेला डास रेश्माला चावला, तर तिला व्हतोय ह्यो ताप. पोटुशीला लय वाईट असतोय. पोटातल्या जिवाला धोका असतोय. मलेरिया कशानं व्हतो, म्हाईत हाय न्हवं?"

लीलाबाई खवळल्याच. "मला इचारतीस? डासानं. शेंबडं पोरगं बी सांगंल. पंचायतीच्या फेरीत पुढं फलक घिऊन कोण चाललं व्हतं? मीच की!"

"आणि डास कुठनं येत्यात?"

"घाणीतनं. गटारीतनं, उकिरड्यातनं. आणि आता त्या मेंढरांच्या लेंड्यांतनं."

अंजना सरळ मागं गेली. टाकीत तिनं मोबाईलचा उजेड पाडला, आणि पाण्याच्या पाठीवर आडवी पडलेली सगळी लेकरं एकदम मागं सरकली.

"काकी, ह्या डासाच्या अळ्या हायत. ह्यो मलेरियाचा डास घाणीत न्हाई व्हत. त्याला असलंच नितळ पाणी लागतंय."

"शी! अळी म्हणं! अळी कोबीत असती. चोवीस वर्सं मी ह्यांस्नी बगती. एकाला तरी पंख फुटल्यालं बगितलं का कुणी? त्वांड सांबाळून बोल, अंजना. माझ्या देवाच्या पाण्याला नावं ठिऊ नगंस."

टाकी रिकामी करा म्हटलं तर नाही, झाकण घाला म्हटलं तर नाही. शेवटी अंजनानं वेगळा मार्ग काढला. लीलाबाई दुपारी देवळात भजनाला गेल्या असताना ती प्लास्टिकच्या पिशवीत अळ्या खाणारे गप्पी मासे घेऊन आली. लालासाहेबांनी मान हलवली आणि दुसरीकडं बघितलं. मासे पाण्यात गेले.

चार दिवस कुणाला काही कळलं नाही. शिवतेज गोळ्यांनी उठून बसला. मात्र कापडावर काही राहीना, याचं लीलाबाईंना नवल वाटायला लागलं. पाचव्या दिवशी त्या वाकून टाकीत बघायला लागल्या, तर तळाशी काहीतरी चमकलं. बोटाच्या पेराएवढा मासा. त्याच्या मागं दुसरा. एकाच्या बुडाशी बारीक दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत होती, आणि तो ती तशीच ओढत फिरत होता.

लीलाबाई तिथंच ओकल्या. सकाळचा चहा, रात्रीची भाकरी, सगळं बाहेर आलं, तरी पोटातनं काहीतरी वर येतच राहिलं. चार दिवस! चार दिवस आपण माशाचं मूत प्यालो, त्या पाण्यात वरण शिजवलं आणि त्याच पाण्यानं देवाला न्हाऊ घातलं! त्यांनी जिभेवर बोट घासलं, मीठ घासलं, तुळशीची पानं चघळली. मच्छीबाजारावरनं एसटी गेली तरी नाकाला पदर लावणारी बाई ती. आपली जीभ उपटून काढावी असं त्यांना झालं.

मारायचे तर नव्हतेच. चाळणीनं एकेक मासा बादलीत काढला आणि तोंड फिरवून बादली कालव्यात ओतली. मग टाकी उपसली, राखेनं घासली, तीन वेळा धुतली, नवं पाणी भरलं. लालासाहेबांशी दोन दिवस बोलल्या नाहीत. अंजनाला तर रस्त्यावरनंच सांगितलं, "माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाई. इटाळ केलास माझ्या घराला."

शिवतेजची रजा संपली, तो गेला. आठवडाभरानं एका सकाळी गाळताना कापडावर पुन्हा ते केसाएवढे जीव वळवळताना दिसले, आणि लीलाबाईंचा चेहरा फुलला. पाणी शुद्ध झाल्याची याहून मोठी खूण कोणती? खराब पाण्यात जीव जगंल का?

"आली बगा माझी लेकरं," त्यांनी लालासाहेबांना हाक मारून दाखवलं, आणि एकूण एक जीव टाकीत सोडला. ओगराळ्याच्या दांड्याला एक चिकटून राहिला होता, तर बोटावर घेऊन तोही सोडला.

आणखी दोन आठवडे गेले. रेश्माला आठवा लागला होता. एका दुपारी धुणं वाळत घालताना ती मटकन खाली बसली. दात वाजायला लागले. लीलाबाईंनी तिला आत नेऊन निजवलं, अंगावर गोधड्या टाकल्या. हीच थंडी त्यांनी पोराच्या अंगात बघितली होती.

अंजनाला बोलवा, असं लालासाहेब म्हणाले. पण त्या बाईला घरात घ्यायचं? माशाच्या हातानं ती माझ्या सुनेला शिवणार? "पोटुशीला गोळ्या उष्ण पडत्यात," लीलाबाई म्हणाल्या आणि काढा ठेवला. शिवाय दोष कुणाचा, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मेंढरं अजून ओढ्यापलीकडंच होती, वारा तिकडनंच घराकडं वाहत होता. काढा उतरवून त्या तशाच तरातरा निघाल्या.

रंगुबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. लीलाबाईंनी नाकाला पदर लावला आणि लांबूनच तोंड सोडलं. घाणीची माणसं, रोगाची माणसं, माझ्या पोराला लावलंत, आता माझ्या सुनेच्या पोटावर उठलात, आत्ताच्या आत्ता गावाच्या हद्दीबाहेर व्हा. श्वास संपेपर्यंत बोलल्या.

रंगुबाईनं भाकरी उलटली. मग ती उठली, आणि तिच्या तोंडावर जे काही होतं ते बघून लीलाबाई एक पाऊल मागं सरकल्या. ती किळस होती. आपल्याकडं कुणी असं बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"मालकीण, आमी लेंड्यांत ऱ्हातो, खरं हाय. पर तुमच्या घरचं पाणी दिलंत न्हवं, मला शिसारी आली. आमी दरसाल मेंढरं घिऊन कोकणात उतरतो. थितं माज्या थोरल्या दिराला ह्योच हिवताप झाला आन् गेला त्यो. मग दवाखान्याची माणसं आली, आमच्या पिपात त्यांनी असलंच वळवळं दावलं. ह्येच डास व्हत्यात म्हणाली. आमी काय शाळा शिकल्यालो न्हाई, पर मेंढीच्या नाकातनं पडल्याल्या किड्याची माशी व्हती ह्ये आमी जल्मापास्नं बगतो. पाण्यातल्या किड्याचा डास व्हतो ह्ये समजाया किती येळ लागतोय? आन् तुमी त्येच गाळून गाळून परत टाकीत सोडता. पोसता त्यास्नी."

"खोटं! चोवीस वर्सं बगती मी."

"पाण्यात बगताय. पाण्यातनं उठून गेल्यावर कवा बगितलं? काचेच्या बरणीत भरा, वर फडकं बांदा आन् ठिवा चार दीस. मी खोटी ठरली तर हितनं कळप उठीवते, परत ह्या गावात पाय ठेवायची न्हाई."

लीलाबाई पाय आपटत घरी आल्या. एवढं झालं तर होऊन जाऊ दे! लोणच्याची धुतलेली काचेची बरणी काढली, टाकीतलं पाणी घेतलं, त्यात कापडावरची पाच-पंचवीस लेकरं सोडली, तोंडाला मलमल बांधली आणि बरणी परसदारच्या खिडकीत ठेवली. त्या धनगरणीच्या नाकासमोर धरायची म्हणून ठेवली. त्या नादात रेश्माचा काढा मात्र निवून गेला.

दुसरा दिवस रेश्माला बरा गेला. ती थोडी पेज प्याली, पोटातलं पोर हलतंय म्हणाली. लीलाबाईंनी देवापुढं दिवा लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी असा ताप भरला की तिचे डोळेच फिरले. लालासाहेब आयुष्यात पहिल्यांदा बायकोला न विचारता उठले आणि अंजनाला हाताला धरून घरात घेऊन आले. पट्टीवर मलेरियाच्या दोन रेघा उमटल्या. अंजनानं तिथनंच गाडीला फोन लावला. गाडी आली, मलकापूरच्या एका दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. पण तापात कळा सुरू झाल्या होत्या. पहाटे रेश्मा बाळंत झाली. मुलगी. दोन वितींचीही नव्हती. सकाळी नऊपर्यंत श्वास घेत होती.

"दोन दिवस आधी आणायला पाहिजे होतं," डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, आणि तेही चष्मा पुसत, कुणाकडं न बघता.

पोरीला मूठमाती देऊन झाल्यावर लालासाहेबांनी बायकोला घरी सोडलं. रेश्माचे कपडे, वाटीभर मऊ भात, असं काहीबाही न्यायचं होतं. लीलाबाई सुन्न होत्या. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, त्या धनगरणीला सोडायचं नाही. माझी नात खाल्ली तिनं. त्या परसदारी आल्या, आणि बरणीची आठवण झाली. आता घेऊनच जाते, दाखवते तिला.

बरणी उचलली, तर मलमलीच्या आतल्या बाजूला काहीतरी हललं.

त्यांनी बरणी डोळ्यांजवळ नेली. मलमलीवर आतनं डास बसले होते. डोकं खाली, ढुंगण वर, तिरके. एक, दोन, चार, नऊ. पाण्यावर पातळ पोकळ टरफलं तरंगत होती. बरीच लेकरं आखडून स्वल्पविरामासारखी झाली होती, आणि त्यातल्या एकाची पाठ त्यांच्या देखत उलली. उललेल्या पाठीतनं ओलसर, लिबलिबीत काहीतरी वर आलं. आधी डोकं, मग पाय, एकेक लांबलचक पाय. ते आपल्याच कातड्यावर उभं राहिलं, पंख वाळेपर्यंत थांबलं, आणि उडून मलमलीला चिकटलं. तिथनं त्यानं आपली सोंड बाहेर काढली, लीलाबाईंच्या अंगठ्याच्या दिशेनं.

त्यांना शिसारी आली. डासांची नव्हे, आपल्या हातांची. ह्याच बोटावर घेऊन सोडलं होतं ते शेवटचं लेकरू. मांजरानं तोंड लावू नये म्हणून पाण्यावर पहारा केला. एकही मरू दिला नाही. आणि ते इथनं उठून शिवतेजला चावले, मग रेश्माला. आतापर्यंत जगात जेवढी घाण त्यांनी बघितली होती, वाढप्याचे अंगठे काय, माशांची मुतं काय, त्या सगळ्याच्या वर ही घाण होती, आणि ती त्यांच्या देवघरापासून आठ पावलांवर होती, पांढऱ्या फरशीत. त्यांना ओकारी येईल असं वाटलं. आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी टाकीचं बूच काढलं, पाणी सगळं परसात सोडून दिलं. बरणी उकळत्या पाण्यात घातली. मग साडी बदलली आणि डबा घेऊन दवाखान्यात गेल्या. वाटेत त्यांनी मनाशी हिशेब केला. बरणी कुणी बघितलेली नाही. रंगुबाई तिकडं माळावर, तिचं बोलणं कोण ऐकतंय? डॉक्टर म्हणतात मलेरिया, मलेरिया डासानं होतो, डास गावभर आहेत. कुणी विचारणारं नाही. कुणाला कळायचं कारण नाही.

रेश्मा जागी होती. तिच्या छातीवरचा गाऊन दुधानं ओला झाला होता आणि तो बदलायचंही तिला सुचलं नव्हतं. लीलाबाई कॉटवर बसल्या, तिचा हात हातात घेतला. 

"आत्या," रेश्मा म्हणाली, "एक सांगू का? रागवू नका."

"बोल की, बाय माझी."

"हे माझ्यामुळं झालं. तुमी सांगत व्हता, मेंढरांच्या वाऱ्याला जाऊ नगंस. मी गेलते. हे सुट्टीवर असताना, तुमी भजनाला गेलता तवा, ह्यांच्यासंगं तळावर गेलते मी. रंगुबाईनं एक आदल्याच दिवशी जन्मल्यालं कोकरू माझ्या मांडीवर दिलं. लय मऊ व्हतं. मला वाटलं, माझं बी असंच…" तिला पुढं बोलवेना. "अर्धा तास घिऊन बसलते मी. त्याचंच लागलं माझ्या पोरीला. डॉक्टर काय बी म्हणू देत. मी मारलं तिला, आत्या. मला माफ करा."

लीलाबाईंना वाटलं, असंच राहू दे. खोटं कशाला बोला, एक क्षण त्यांना तसं वाटलंच. या पोरीच्या माथ्यावर ते आयतं जाऊन बसलं होतं, आणि तिनं आपणहून घेतलं होतं. आपण फक्त तिच्या केसांवरनं हात फिरवायचा, आणि म्हणायचं, जाऊ दे, झालं ते झालं. सून जन्मभर उपकार मानेल.

पण रेश्मा रडता रडता स्वतःच्या मांडीवर मुठी मारायला लागली. जिथं ते कोकरू बसलं होतं, त्याच जागेवर, सलाईनची सुई हातात असताना. ते लीलाबाईंना बघवलं नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "थांब, रेश्मा. कोकरानं काय बी झालं न्हाई. तू न्हाईस. मी हाय."

आणि त्यांनी सांगितलं. टाकीचं, कापडाचं, बरणीचं, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पदर डोळ्याला लावला नाही. बोलताना त्यांनी सुनेचा हात सोडला नव्हता.

रेश्मानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. रडायची थांबली होती.

"अंजनाताईनं तुमाला सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मासे सोडलते, ते तुमी काढलेत."

"व्हय."

"आणि त्यानंतर बी रोज? हातानं?"

"व्हय. ह्याच हातानं."

रेश्मानं त्यांच्या हाताकडं बघितलं. मग आपला हात त्यातनं सोडवून घेतला आणि चादरीवर पुसला, आधी तळवा, मग पालथा, मग एकेक बोट.